जर्मन भाषेतली आजारांची जोडनावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन शिकणारे, तिकडे नर्सिंगला किंवा डॉक्टरकीला निघालेले आणि निव्वळ शब्दांच्या नादाने विचारणारे अशा तिन्ही प्रकारच्या लोकांचे हे प्रश्न आहेत. उच्चार देवनागरीत जितके जवळ जातील तितके दिले आहेत. जर्मन ‘झेड’चा उच्चार आपल्या ‘चमचा’तल्या ‘च’सारखा असतो. तो इथे ‘त्स’ असा लिहिला आहे.

जर्मनमध्ये आजारांची नावं एवढी लांब का असतात?

सलग लिहितात म्हणून लांब दिसतात, बाकी काही नाही. आपण ‘स्वादुपिंडाचा दाह’ असं तोडून लिहितो. जर्मन माणूस तेच बाउखश्पाइखेलड्र्यूझेनएंटत्स्युंडुंग असं एका दमात लिहितो. रोमन लिपीत मोजली तर 29 अक्षरं. बाउख म्हणजे पोट, श्पाइखेल म्हणजे लाळ, ड्र्यूझे म्हणजे ग्रंथी आणि एंटत्स्युंडुंग म्हणजे दाह. पोटातल्या लाळग्रंथीचा दाह, बस.

शाळेत समास घोकलेल्या माणसाला यात घाबरण्यासारखं काही नाही. हा आपला तत्पुरुष आहे: शेवटचं पद प्रधान, आधीची सगळी त्याचा तपशील सांगणारी. म्हणून असा शब्द शेवटाकडून वाचायला घ्यावा. लिंगही शेवटच्या पदाचं लागतं. त्सुकर (साखर) पुल्लिंगी आणि क्रांकहाइट (आजार) स्त्रीलिंगी, म्हणून त्सुकरक्रांकहाइट, म्हणजे मधुमेह, स्त्रीलिंगी. दोन पदांच्या मध्ये कधी ‘न’, कधी ‘स’ येऊन बसतो: लुंगे (फुप्फुस) अधिक एंटत्स्युंडुंग, मध्ये एक ‘न’, झाला न्यूमोनिया. हा जोड कुठे कोणता येणार याचे नियम पाठ करत बसण्यापेक्षा शब्द जोडासकट पाठ केलेले बरे.

हे शब्द बनवले कोणी? डॉक्टरांनी की सामान्य लोकांनी?

दोघांनी, पण वेगवेगळ्या वाटांनी. पुढची बहुतेक उत्तरं याच गोष्टीवर उभी आहेत.

मध्ययुगात युरोपातल्या विद्यापीठात शिकलेला वैद्य लॅटिनमध्ये वाचायचा आणि लॅटिनमध्येच लिहायचा. पण हाड बसवणारा, गळू फोडणारा, लढाईत बाण उपसणारा माणूस वेगळाच असायचा. तो वुंडआर्ट्स्ट, म्हणजे जखमांचा वैद्य, बहुधा न्हाव्याच्या धंद्यातून आलेला. त्याला लॅटिन येत नसे. त्याच्यासाठी जर्मनमध्ये पुस्तकं निघू लागली: श्ट्रासबुर्गच्या हिएरोनिमुस ब्रुन्श्विगचा शस्त्रक्रियेवरचा ग्रंथ 1497 चा, हान्स फॉन गेर्सडोर्फचा रणांगणावरच्या जखमांचा ग्रंथ 1517 चा. यांत आजारांना नावं आहेत ती बाजारात, शेतात, बाळंतिणीच्या खोलीत चालणारी.

मग पॅरासेल्सस आला. 1527 मध्ये बाझेल शहराचा वैद्य म्हणून नेमणूक झाल्यावर त्याने विद्यापीठात चक्क जर्मनमधून व्याख्यानं सुरू केली, आणि सेंट जॉनच्या सणाच्या होळीत इब्न सीना या तेव्हा प्रमाण मानल्या जाणाऱ्या जुन्या वैद्याचा ग्रंथ टाकला. शहाणे लोक खवळले. वर्षभरात त्याला बाझेल सोडावं लागलं. पण वैद्यकाचं गंभीर लेखन जर्मनमध्ये होऊ शकतं हे दिसलं ते दिसलंच.

दुसरी वाट भाषांतराची. लॅटिन आणि ग्रीक शब्द पदापदाने फोडायचे आणि त्यांच्या जागी जर्मन पदं बसवायची. आज अस्सल जर्मन वाटणारे कितीतरी शब्द असे आतून ग्रीक आहेत. आणखी गंमत म्हणजे ‘आर्ट्स्ट’ (डॉक्टर) हा शब्दच मुळात ग्रीक ‘आर्खियाट्रोस’चं, म्हणजे मुख्य वैद्याचं, झिजलेलं नाणं आहे.

मग आज जर्मन डॉक्टर कोणता शब्द वापरतात?

समोर कोण आहे त्यावर. सहकाऱ्याशी बोलताना ‘आपेन्डित्सिटिस’, पेशंटशी बोलताना ‘ब्लिंडडार्मएंटत्स्युंडुंग’. दोन्ही एकच. बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांची जी वैद्यकीय भाषेची परीक्षा असते तिचा साचाच यावर बेतलेला आहे. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग: आधी पेशंटशी बोलायचं, मग त्याची टिपणं लिहून काढायची, मग तेच सगळं वरिष्ठ डॉक्टरला सांगायचं. पहिल्या भागात लॅटिन झाडलं तर पेशंट झालेला परीक्षक कपाळाला आठ्या घालून विचारतो, ‘म्हणजे काय हो?’ तिसऱ्या भागात लोकांची भाषा वापरली तर वरिष्ठाला तुम्ही कच्चे वाटता.

पेशंट तर याहूनही साधं बोलतात. ‘इश हाबे त्सुकर’, म्हणजे ‘मला साखर आहे’. ‘वासर इन डेन बाइनेन’, म्हणजे पायात पाणी झालंय. आपल्याकडच्या ओपीडीत बसलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून आपल्याकडे जर्मनच्या वर्गांना नर्सिंगची मुलंमुली वाढली आहेत. त्यांना माझा सल्ला एवढाच की लॅटिन नावं तुम्हाला कॉलेजातून येतातच, पेशंटचे शब्द आधी शिका.

खूप नावांच्या शेवटी ‘झुख्ट’ येतं. त्याचा अर्थ ‘व्यसन’ ना? मग कावीळ हे व्यसन कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तरही सगळ्यात रंजक आहे.

आजच्या जर्मनमध्ये झुख्ट म्हणजे व्यसन हे खरं. पण जुन्या जर्मनमध्ये त्याचा अर्थ होता नुसता ‘आजार’. ‘झीश’ (रोगट, खंगलेला) आणि ‘झॉयखे’ (साथ) हे त्याचे सख्खे भाऊबंद. इंग्रजीतला ‘सिक’ही त्याच घरातला. आज आजारी माणसाला ‘क्रांक’ म्हणतात, पण हा शब्द मध्ययुगात ‘अशक्त, बारीक’ एवढाच अर्थ सांगायचा. मध्ययुगाच्या शेवटी शेवटी तो पुढे सरकला आणि ‘झीश’ला त्याने जागेवरून उठवलं.

तोवर झुख्टची पिलावळ जमली होती. गेल्बझुख्ट म्हणजे पिवळा आजार, कावीळ. वासरझुख्ट म्हणजे पाण्याचा आजार, आपलं जलोदर. फालझुख्ट म्हणजे पडण्याचा आजार, फेफरं. मोंडझुख्ट म्हणजे चंद्राचा आजार, झोपेत चालणं. श्विंडझुख्ट म्हणजे झिजत जाण्याचा आजार, टीबी. इथे थोडं थांबा: आपल्या ‘क्षय’ शब्दातही नेमकी झीजच आहे. रॉबर्ट कोखने 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला, तोपर्यंत दोन्हीकडच्या लोकांना डोळ्यांनी दिसत होती ती फक्त झीज.

मग व्यसन कुठून आलं? ट्रुंकझुख्ट, म्हणजे पिण्याचा आजार, अशा शब्दांतून. लोकांना ‘झुख्ट’ हे ‘झूखेन’ (शोधणं, मागे लागणं) या क्रियापदावरून आलंय असं वाटायला लागलं. व्युत्पत्ती चुकीची, पण पटणारी. हळूहळू अर्थ सरकला आणि ‘आजार’चं ‘हव्यास’ झालं. मत्सराला जर्मनमध्ये आयफरझुख्ट म्हणतात तेही याच रांगेतलं. यात एक छान उपरोध आहे. दारूचं व्यसन हा आजार आहे हे जर्मनीच्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने 1968 मध्ये मान्य केलं, आणि शब्द मात्र ते शतकानुशतकं सांगत होता.

मागरझुख्ट हा शब्द मात्र जपून वापरा. मागर म्हणजे किडकिडीत. उपाशी राहून शरीर झिजवणाऱ्या मानसिक आजाराचं, ॲनोरेक्सियाचं, हे आजचंही चालू नाव आहे. ‘बारीक होण्याचं व्यसन’ असं भाषांतर कुठे वाचलंत तर ते अर्धवट आहे.

‘बेर्गझुख्ट’ म्हणजे डोंगर लागणं का?

नाही. बेर्ग म्हणजे डोंगर, पण इथे खाण. खाणकामगारांचा आजार. सॅक्सनीत एर्त्सगेबिर्ग नावाचे डोंगर आहेत, तिथे श्नेबेर्ग गावच्या चांदीच्या खाणी. कामगार खोकत खोकत ऐन उमेदीत मरायचे. पॅरासेल्ससने यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, ते त्याच्या मरणानंतर 1567 मध्ये छापलं गेलं. एखाद्या धंद्यामुळे होणाऱ्या आजारावरचं पुस्तक म्हणून त्याचं नाव आजही पहिल्या काही पुस्तकांत घेतात. त्याच काळात गेऑर्ग आग्रिकोला या वैद्याने 1556 च्या खाणशास्त्राच्या ग्रंथात लिहून ठेवलंय की कार्पेथियन डोंगरात अशा बायका सापडतात की ज्यांची सात सात लग्नं झाली आणि सातही नवरे या आजाराने नेले.

खाणीतली भुतं, विषारी वाफा, नुसती धूळ असे तर्क तीनशे वर्षं चालले. 1879 मध्ये हेर्टिंग आणि वाल्टर हेसे या दोन डॉक्टरांनी श्नेबेर्गच्या मृत कामगारांची फुप्फुसं तपासून सांगितलं की हा कर्करोग आहे. खडकातून झिरपणारा किरणोत्सारी रेडॉन वायू हे कारण कळायला विसावं शतक उजाडलं. जाता जाता: याच वाल्टर हेसेची बायको फॅनी. जंतू वाढवायला जिलेटिनऐवजी स्वयंपाकघरातलं अगर-अगर वापरा हे कोखच्या प्रयोगशाळेला तिने सुचवलं. जगभरच्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या थाळीत आज जे अगर असतं, ती त्या बाईच्या मुरांब्यांची कृपा.

‘एंटत्स्युंडुंग’मध्ये ‘पेटवणं’ आहे असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. एंटत्स्युंडेन म्हणजे पेटवणं, आग लावणं. लॅटिनमध्ये ‘इन्फ्लामात्सियो’त ज्वाळा आहे, तिचंच हे जर्मन रूप. संस्कृत ‘दाह’ही तेच सांगतो, तो मात्र आपल्याकडे स्वतंत्रपणे आला. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक सेल्ससने दाहाच्या चार खुणा सांगितल्या: लाली, सूज, उष्णता, वेदना. त्या वाचल्या की आगच का आठवली ते कळतं. सडलेल्या जखमेला तर जर्मन सरळ ‘ब्रांड’, म्हणजे आगच, म्हणतो. गासब्रांड म्हणजे गॅस गँगरीन.

याच कुळातला ब्लिंडडार्मएंटत्स्युंडुंग थोडा फसवा. ब्लिंडडार्म म्हणजे ‘आंधळं आतडं’, पुढे वाट नसलेलं, लॅटिन ‘सेकुम’चं शब्दशः भाषांतर. सुजतं ते हे आंधळं आतडं नव्हे, त्याला लटकलेलं अपेंडिक्स. म्हणजे शरीररचनेच्या हिशेबाने जर्मनीत सगळे रोज चुकीचं बोलतात आणि त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

‘बारा बोटांचं आतडं’ ही काय भानगड आहे?

त्स्वोल्फफिंगरडार्म. त्स्वोल्फ म्हणजे बारा, फिंगर म्हणजे बोट, डार्म म्हणजे आतडं. पोटाला लागून असलेला लहान आतड्याचा पहिला तुकडा. त्यात जखम झाली की त्स्वोल्फफिंगरडार्मगेश्व्युर, ड्युओडेनल अल्सर.

बोटं मोजली हेरोफिलस नावाच्या ग्रीक वैद्याने, अलेक्झांड्रियात, इसवीसनापूर्वी 300 च्या आसपास. माणसाचं प्रेत उघडून अभ्यास करणाऱ्या पहिल्या लोकांपैकी तो. आपण अंगुळं मोजतो तशी त्याने बारा बोटं आडवी ठेवली आणि नाव दिलं ‘डोडेकाडाक्टिलोन’. ग्रीकमधून हा शब्द अरबी वैद्यकात गेला, अरबीतून लॅटिनमध्ये आला, तिथे ‘बारा बारा’ एवढाच उरून ‘ड्युओडेनम’ झाला. इंग्रजीत बोटं गळून पडली ती पडलीच, जर्मनने मात्र बाराच्या बारा सांभाळली. प्रत्यक्षात हा तुकडा पंचवीस-तीस सेंटीमीटरचा असतो, म्हणजे म्हाताऱ्याचा अंदाज अगदीच काही वाईट नव्हता.

थायरॉइडचंही तसंच. शिल्डड्र्यूझे, ढालीची ग्रंथी. ग्रीक ‘थिरेओस’ म्हणजे मोठी ढाल. थायरॉइड कमी काम करतो त्याला शिल्डड्र्यूझेनउंटरफुंक्त्सिओन म्हणतात: ढाल, ग्रंथी, खाली, काम. हा शब्द दिसायला भयंकर आहे आणि समजायला पोरखेळ.

जर्मनांना पायावर कोंबडीचा डोळा कसा येतो?

ह्यूनरआउगे, कोंबडीचा डोळा, म्हणजे आपली भोवरी किंवा कुरूप. गोल, टणक, मध्ये ठिपका; एकदा बघितलं की नाव पटतं. पापणीवरच्या रांजणवाडीला गेर्स्टेनकोर्न, जवाचा दाणा, म्हणतात. लॅटिनमध्येही जवाच्या दाण्यावरूनच नाव आहे. पापणीतच येणारी पण न दुखणारी गाठ असते, ती हागेलकोर्न, गारेचा दाणा. ग्रीकांची ‘खालाझा’ म्हणजेही गारच. टॉन्सिल म्हणजे मांडेल, बदाम.

ग्युर्टेलरोझे तर खास. ग्युर्टेल म्हणजे कमरपट्टा, रोझे म्हणजे गुलाब, इथे अंगावर उठणारी लाली. आपली नागीण. ग्रीक ‘झोस्टर’ म्हणजे पट्टाच. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस गेला, अशी समजूत आपल्याकडे आहे. पट्ट्याची दोन टोकं कमरेभोवती जुळली की संपलं, ही समजूत युरोपातही होती. उत्तर जर्मनीच्या खेड्यांत ग्युर्टेलरोझे मंत्राने उतरवणारी माणसं आजही आहेत, आणि शिकलेले लोकही गुपचूप त्यांच्याकडे जाऊन येतात. नागिणीला विषाणू कारण आहे, मंत्राने तो हलत नाही. वेळेत गोळ्या सुरू केल्या तर त्रास कमी होतो.

‘हेक्सेनशुस’ला खरंच चेटकिणीचा संबंध आहे?

आहे. हेक्से म्हणजे चेटकीण, शुस म्हणजे नेम धरून मारलेला बाण. वाकून बादली उचलायला जावं आणि कमरेत अशी उसण भरावी की सरळ होता येऊ नये. दिसण्यासारखं कारण नाही, जखम नाही, मग कुणीतरी लांबून मारला असणार. आजही डॉक्टरच्या फळ्यावर, औषधाच्या जाहिरातीत हाच शब्द असतो आणि कुणाला त्यात चेटकीण दिसत नाही.

वाईट स्वप्नाचा आल्बट्राउम त्याच जगातला. आल्ब हा रात्री छातीवर बसून श्वास कोंडणारा जीव. काही लोक तो ‘प’ घालून आल्पट्राउम लिहितात. 1996 च्या शुद्धलेखन सुधारणेनंतर दोन्ही चालतं. आल्प्स पर्वताचा यात काही हात नाही.

संतांच्या नावाचे आजार कसे पडले?

आजार संत आणतो आणि संतच बरा करतो, या श्रद्धेतून. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. स्मॉलपॉक्सला आपण ‘देवी’ म्हणालो, अंगावर देवी आल्या म्हणालो, आणि लसही ‘देवीची’च टोचून घेतली.

फाइट्सटान्त्स म्हणजे संत फाइटचं (लॅटिनमध्ये व्हायटस) नाचणं. 1518 च्या उन्हाळ्यात श्ट्रासबुर्गमध्ये एक बाई रस्त्यावर नाचायला लागली ती थांबेचना, आणि बघता बघता माणसं जमून तीही नाचू लागली. शहराने आधी त्यांच्यासाठी वाजंत्री लावले, नाचून नाचून उतरेल म्हणून. उतरलं नाही. मग त्यांना गाडीत घालून त्साबर्नजवळच्या संत फाइटच्या देवळात नेलं. पुढे हेच नाव अवयव आपोआप झटके देणाऱ्या आजाराला चिकटलं.

आन्टोनियुसफॉयर म्हणजे संत अँथनीची आग. ओल्या हवेत राय या धान्यावर एक काळी बुरशी धरते. तिचं पीठ पोटात गेलं की रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय आगीत घातल्यासारखे जळतात आणि काळे पडून गळतात. अँथनीच्या नावाच्या संघाचे साधू अशा रोग्यांची सेवा करायचे. आल्सेसमधल्या इझेनहाइम गावच्या त्यांच्या मठासाठी चित्रकार ग्र्युनेवाल्डने 1512 ते 1516 या काळात जी वेदी रंगवली, तिच्यावर या आजाराने फुगलेला, फोडांनी भरलेला एक रोगी कोपऱ्यात बसलेला आहे. ती आता कोलमारच्या संग्रहालयात आहे. मठात आल्यावर रोगी बरे व्हायचे याला एक साधं कारणही होतं: तिथली भाकरी चांगल्या धान्याची असायची.

त्या बुरशीचं नाव मुटरकोर्न. मुटर म्हणजे आई, कोर्न म्हणजे धान्य. सुइणी कळा वाढवायला ती वापरायच्या, म्हणून इथे मुटरचा अर्थ गर्भाशय असा लावतात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला जे मेथिलएर्गोमेट्रिन इंजेक्शन देतात, ते याच बुरशीच्या घराण्यातलं.

पक्षाघाताला ‘श्लागआनफाल’ का म्हणतात?

श्लाग म्हणजे फटका, आनफाल म्हणजे झटका. फटका मारणारा देव, असं पूर्वी मानत. ग्रीक ‘अपोप्लेक्सी’तही फटकाच आहे, आपल्या ‘आघात’मध्येही.

आजार दुसऱ्या देशाच्या माथी मारायची पद्धत जर्मनमध्येही आहे का?

भरपूर. उपदंशाला जर्मन फ्रान्त्सोझेनक्रांकहाइट म्हणत, फ्रेंचांचा आजार. 1495 मध्ये फ्रेंच सैन्य नेपल्सहून परतलं आणि तो पसरला. फ्रेंच त्याला नेपल्सचा आजार म्हणत. पोर्तुगीज भारतात आल्यावर इकडे त्याला नाव पडलं ‘फिरंग रोग’, आणि सोळाव्या शतकात भावमिश्राने भावप्रकाशात तो त्याच नावाने नोंदवला. मुडदुसाला जर्मन ‘इंग्रजी आजार’ म्हणायचे.

याची परतफेडही झाली. र्‍योटेल्न, म्हणजे लालसर पुरळ, हा आजार जर्मन वैद्यांनी गोवरापासून वेगळा करून सांगितला म्हणून तो जगभर ‘जर्मन गोवर’ झाला. 1866 मध्ये ब्रिटिश फौजेतल्या हेन्री व्हील या सर्जनने भारतातल्या एका साथीचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याला जर्मन शब्द परका आणि कानाला खटकणारा वाटला, म्हणून त्याने ‘रुबेला’ हे नाव सुचवलं. आपल्या मुलांच्या लसीकरण कार्डावर ‘एमआर’मधला जो ‘आर’ आहे, तो हाच.

एखादा जर्मन जोडशब्द जसाच्या तसा भारतात आला आहे का?

आला आहे: रिंडरपेस्ट. रिंडर म्हणजे गुरं, पेस्ट म्हणजे महामारी. शेतकरी ज्याला बुळकांडी म्हणत तीच. इंग्रजीने हा शब्द उचलला आणि सरकारी पशुवैद्यकातून तो इथे आला. बुळकांडीसारख्या जनावरांच्या रोगांसाठीच 1889 मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उघडली, ती पुढे 1893 मध्ये कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला हलवली. कोख 1897 मध्ये दक्षिण आफ्रिकेत रिंडरपेस्टवरच काम करत होता. तिथून त्याला थेट मुंबईला पाठवलं ते बॉयलेनपेस्टसाठी. बॉयले म्हणजे गाठ. ज्याला तेव्हाची मराठी वर्तमानपत्रं ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत होती, तोच प्लेग. याच दौऱ्यात तो मुक्तेश्वरलाही जाऊन आला. बुळकांडी 2011 मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर हा मान मिळालेला हा दुसराच रोग.

घरची आठवण येणं हासुद्धा आजार मानला जायचा?

हो, आणि रीतसर. हाइमवे: हाइम म्हणजे घर, वे म्हणजे दुखणं. 1688 मध्ये योहानेस होफर या विद्यार्थ्याने बाझेलला यावर वैद्यकीय प्रबंध लिहिला आणि विद्वानांसाठी त्याचं ग्रीक नाव घडवलं: नोस्टॅल्जिया. म्हणजे इथे गाडी उलटी चालली, जर्मनवरून ग्रीक बनलं. त्याच्या प्रबंधात बर्नहून बाझेलला शिकायला आलेल्या एका मुलाची हकिगत आहे. ताप, धडधड, अंथरूण धरलं. शेवटी घरी न्यायचं ठरलं, आणि वाटेतच गडी बरा व्हायला लागला. परदेशी फौजांत भाड्याने लढणाऱ्या स्विस शिपायांमध्ये हा इतका आढळे की ‘स्विस आजार’ असंही नाव पडलं.

अलीकडच्या काळातले काही शब्द सांगाल का?

माझा लाडका शब्द शाउफेन्स्टरक्रांकहाइट. शाउफेन्स्टर म्हणजे दुकानाची काचेची खिडकी. पायाच्या रक्तवाहिन्या बुजल्या की शंभर-दोनशे पावलांवर पोटऱ्या भरून येतात. थांबलं की बरं वाटतं. भर रस्त्यात उगाच उभं राहायला लाज वाटते, म्हणून माणूस दर थोड्या अंतरावर दुकानाच्या काचेत बघितल्यासारखं करतो. आजार आणि तो लपवायची धडपड, दोन्ही एका नावात आली. तो बळावला की राउखरबाइन, म्हणजे सिगारेट ओढणाऱ्याचा पाय.

पहिल्या महायुद्धातून थरथरत परतलेल्या सैनिकांना क्रीग्सत्सिटरर, युद्धाने कापणारे, म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या भरभराटीत पन्नाशीतल्या साहेबांच्या हार्ट अटॅकला मानेजरक्रांकहाइट नाव पडलं. कोविडच्या काळात तर जर्मनमध्ये हजाराहून जास्त नवे शब्द नोंदले गेले.

आणि काही आजार फक्त जर्मनांनाच होतात, हे खरं का?

शरीर तेच हो, पण तक्रार करायची पद्धत वेगळी. फ्र्यूयार्समूडिशकाइट म्हणजे वसंतात येणारा थकवा. वेटरफ्यूलिशकाइट म्हणजे हवा बदलली की डोकं दुखणं. आणि सगळ्यांचा बाप ‘क्राइसलाउफ’, रक्ताभिसरण. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, उन्हाने गळून गेलं, तरी जर्मन म्हणतो, ‘माझं क्राइसलाउफ!’ वॉर्डात हे ऐकून घाबरून जाऊ नका, आधी बीपी बघा.

काही नावं आता का वापरू नयेत?

हाझेनशार्टे (सशाची चीर) म्हणजे दुभंगलेला ओठ. हे आता अपमानकारक धरतात. त्याऐवजी ओठ, जबडा, टाळू अशी तिन्ही पदं जोडून शेवटी ‘भेग’ लावलेला लांब शब्द आला.

पण यापेक्षा काळी गोष्ट 1933 ची आहे. नाझी सरकारने 14 जुलैला आनुवंशिक आजारी संतती रोखण्याचा कायदा केला आणि त्याखाली सुमारे 4,00,000 माणसांची सक्तीने नसबंदी केली. कायद्यातली आजारांची यादी वाचली तर त्यात वर आलेलेच शब्द दिसतात: ‘आनुवंशिक फालझुख्ट’, ‘आनुवंशिक फाइट्सटान्त्स’, आणि सगळ्यात वर ‘जन्मजात श्वाखझिन’, म्हणजे मंदबुद्धी. हा शेवटचा शब्द इतका सैल होता की गरीब, शाळा सोडलेला, कुणाच्या डोळ्यात खुपणारा कोणीही त्यात बसवता यायचा. तो जर्मन फौजदारी कायद्याच्या 20 व्या कलमातून निघाला थेट 2021 मध्ये. फालझुख्ट आज कुठलाही डॉक्टर म्हणत नाही. एपिलेप्सी म्हणतात.

कोणत्या शब्दांनी सगळ्यात जास्त घोटाळा होतो?

चार सांगतो, कामावर जाण्याआधी पक्के करा.

जर्मन ‘ट्युफुस’ म्हणजे आपला टायफॉइड. इंग्रजीतला टायफस नव्हे. त्याला फ्लेकफीबर, डागांचा ताप, म्हणतात. औषधं वेगळी आहेत, म्हणून हा गोंधळ खरोखर महागात पडतो.

‘ग्राउअर श्टार’ म्हणजे मोतीबिंदू, ‘ग्र्यूनर श्टार’ म्हणजे काचबिंदू. श्टार नावाचा साळुंकीसारखा पक्षी असतो खरा, पण त्याचा इथे संबंध नाही. एकटक, थिजलेली नजर सांगणाऱ्या जुन्या शब्दावरून हे आलंय. करडा आणि हिरवा यांत अदलाबदल होऊ देऊ नका.

मुस्केलकाटर म्हणजे व्यायामानंतर अंग धरणं. काटर म्हणजे बोका, पण सर्वसाधारण मत असं की हा विद्यार्थ्यांनी थट्टेने वाकवलेला ‘कॅटार’ (सर्दी-पडसं) आहे. गंभीर काही नाही, चार्टवर मोठ्या अक्षरात लिहू नये.

आणि बाटलीवर ‘गिफ्ट’ लिहिलेलं दिसलं तर हात लावू नका. गिफ्ट म्हणजे विष. मूळ अर्थ ‘दिलेलं’ असाच होता, तो ‘मिटगिफ्ट’ म्हणजे हुंडा या शब्दात अजून टिकून आहे. ब्लूटफेरगिफ्टुंग, रक्तात विष होणं, म्हणजे सेप्सिस. पेशंटच्या नातेवाइकाने फोनवर हा शब्द उच्चारला तर ताबडतोब डॉक्टरला बोलवा.